तिसरा फेरा

गणितात हिंसेला जागा नाही. तिथे फक्त सिद्ध करायचं असतं, आणि एकदा सिद्ध झालेल्या गोष्टीवर जगातली कुठलीही ताकद हात उगारू शकत नाही. जयदीप बिराजदार हे सांगत होता तेव्हा दिग्विजयच्या शर्टाची कॉलर त्याच्या डाव्या मुठीत होती आणि उजव्या हातात कीबोर्ड होता, वायरसकट उपटलेला.

"सर, कॉलर सोडा," दिग्विजय म्हणाला. "आपण बोलू."

"तुम्ही माझी फाइल वर्डमध्ये नेलीत."

"गिऱ्हाइकाला वर्डमध्येच लागते."

"सगळ्या समीकरणांच्या जागी चौकोन आलेत. रिकामे चौकोन, दिग्विजय!"

"चौकोन म्हणजे भूमितीच की, सर."

हे वाक्य नसतं तर कदाचित मिटलं असतं. कीबोर्ड दिग्विजयच्या कानशिलावर बसला. त्यातली लांब पट्टी, जी दाबल्यावर दोन शब्दांत जागा सुटते, ती निखळून खिडकीच्या जाळीवर आपटली. दिग्विजयने टेबलावरचं पिवळं हेल्मेट उचललं आणि ते ज्या अवयवाच्या रक्षणासाठी बनवलेलं असतं नेमका त्याच्याच खालचा भाग फोडला. जयदीपच्या नाकातून रक्ताची धार लागली. ती टेबलावरच्या छापील पानांवर, चौकोनांच्या बरोबर मधोमध पडत गेली. मग दोघे खुर्च्यांसकट खाली आले. विशेष म्हणजे एवढं होऊनही दोघांपैकी कुणी अहो-जाहो सोडलं नाही.

"तुम्ही चावताय, सर!"

"तुम्ही आधी पोटातून गुडघा काढा!"

दार उघडून दौलतराव आत आले. छबू ऑटोमेशन प्रायव्हेट लिमिटेडचे मालक. चाकणच्या पट्ट्यात जिथे त्यांच्या वडिलांची कांद्याची चाळ होती, तिथेच आता त्यांची शेड होती, आणि कंपनीला त्यांनी आईचं नाव दिलं होतं. मोटारींचे सुटे भाग जोडणारे रोबोट बसवून द्यायचे, हा धंदा. दिग्विजय त्यांचा सख्खा पुतण्या आणि प्रॉडक्शनचा प्रमुख. जयदीप गणिताचा माणूस. रोबोटचा हात कसा फिरावा हे लिहून देण्यासाठी त्याला दोन वर्षांपूर्वी आणलेला.

दौलतराव खाली पडलेल्या दोघांच्या डोक्याशी येऊन उभे राहिले.

"आरं, काय फड लावलाय का हितं कुस्त्यांचा? शिकल्याली मानसं ना तुमी?"

दोघे उठून उभे राहिले. दिग्विजयने शर्ट खोचला.

"कशावरनं चाललंय?"

"वर्डवरून, काका."

"म्हंजी?"

"मी फाइल वर्डमध्ये केली. सरांना लेटेकमध्ये लागते."

"जिल्हा परिषदेच्या शाळेत आमी खडूवरनं डोकी फोडायचो," दौलतराव म्हणाले. "पर त्यो खडू दिसायचा तरी." त्यांनी रुमाल काढून जयदीपच्या हातात दिला. "उद्या खंडेनवमी. मशिनीची पूजा हाय. सोमवारी गिऱ्हाईक येतंय. ह्याच्या फुडं जो पयला हात उचलंल, त्यो त्याच पावली गेटच्या भाईर. पुतन्या असू द्या न्हाईतर परफेसर. समजलं?"

"हो, काका."

"समजलं," जयदीप रुमालातून म्हणाला.

त्याला खरोखरच समजलं होतं. उदगीरहून येऊन पिंपरी-चिंचवडच्या कॉलेजांतून वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवल्यावर ही त्याची पहिली नोकरी होती, जिथे सुट्टीच्या महिन्यातही पगार येत असे. मोशीच्या घरात बायकोने या नोकरीच्या भरवशावर भिंतीला रंग लावला होता.

छबू ऑटोमेशनमध्ये लिहिण्याबाबत पंथ होते. ऑफिसातल्या बायका वर्डच्या. अकाउंटवाले लिबर ऑफिसचे, कारण ते फुकट मिळतं. दौलतराव स्वतः काहीच लिहीत नसत, ते मोबाइलवर बोलून पाठवत आणि शेवटी चुकून आपला खोकलाही पाठवत. जयदीप एकटा लेटेकचा. साध्या पांढऱ्या पडद्यावर साधी अक्षरं आणि मध्ये मध्ये आज्ञा लिहायच्या. मग एक कळ दाबली की दगडात कोरल्यासारखं पान बाहेर येतं. समीकरणं हलत नाहीत, क्रमांक आपोआप लागतात, एक ओळ वर सरकवली म्हणून खालचं चित्र पुढच्या पानावर पळून जात नाही. अक्षर ठळक करायला जो माणूस माउसने बटण दाबतो तो पुढे काहीही करू शकतो, असं जयदीपचं मत होतं. ते तो जेवताना सांगत असे.

सिद्धतेच्या बाबतीतही त्याचं असंच. कॉलेजातली त्याची शेवटची नोकरी गेली तीही तत्त्वावरच. विभागप्रमुखांनी फळ्यावर अर्धी सिद्धता करून पुढे 'हे उघडच आहे' असं लिहिलं होतं. जयदीपने मागच्या बाकावरून डस्टर फेकला. तीन टाके पडले. चौकशी समितीसमोर त्याने एवढंच विचारलं की उघड होतं तर लिहायला काय हरकत होती.

रोबोटचं फिरणं तो भौमितिक बीजगणितात लिहीत होता. कोन आणि अंतरांच्या लांबलचक कोष्टकांऐवजी तिथे प्रत्येक फिरण्याला एकच आटोपशीर राशी असते, तिला रोटर म्हणतात. दोन फिरणी एकामागून एक करायची तर दोन रोटर गुणायचे. इतकं देखणं काम त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. एकच भानगड होती, आणि ती त्याने कॅन्टीनमध्ये सगळ्यांना प्रत्यक्ष दाखवली होती. भरलेलं ताट उजव्या तळहातावर आडवं धरायचं आणि न सांडता काखेखालून पूर्ण एक फेरा द्यायचा. ताट होतं तिथेच, तसंच येतं, पण हात कोपरापासून पिळलेला राहतो. आता डोक्यावरून आणखी एक फेरा द्यायचा. दुसऱ्या फेऱ्यानंतर पीळ सुटतो.

"बघा," तो म्हणाला होता, "एका फेऱ्यानंतर वस्तू जागेवर, पण रोटरला उणे चिन्ह. दोन फेऱ्यांनंतर पुन्हा अधिक. जगाला दोन्ही सारखेच दिसतात. सारखे नसतात."

"आणि आमटी?" दिग्विजयने विचारलं होतं, कारण ती त्याच्या मांडीवर होती.

दिग्विजयचा यावरचा इलाज एका ओळीचा होता. उणे आलं तर त्याचं अधिक करून टाकायचं. ही ओळ त्याने स्वतःच्या हाताने प्रोग्रॅममध्ये घातली होती, आणि त्या दिवसापासून सगळं सुरळीत चालत होतं, हेच जयदीपला सहन होत नव्हतं.

"बरोबर अर्ध्या फेऱ्यावर काय करणार?" तो विचारी. "तिथे डावीकडून आणि उजवीकडून अंतर सारखंच. कुठून जायचं?"

"कुठूनही जाऊ दे की, सर. पोचल्याशी मतलब."

"सिद्धता?"

"चालतंय की. बघा ना, चालतंय."

त्यामुळे कीबोर्डच्या प्रकरणानंतर जयदीप नाकात कापूस घालून आपल्या जागेवर बसला तेव्हा हात उचलणं शक्य नव्हतं, पण बोट उचलणं शक्य होतं. त्याने प्रोग्रॅम उघडला आणि दिग्विजयची ओळ काढून टाकली. सिद्धता झाल्याशिवाय ओळ नाही, असं तो पुटपुटला. कापसामुळे ते त्यालाही नीट ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड झेंडूने भरून गेली. जाळीच्या कुंपणाआड उभा असलेला नारिंगी रोबोट, ज्याला कामगार पैलवान म्हणत, धुऊन पुसून तयार होता. मनगटाला हार, दंडाला हळदीकुंकवाची पाच बोटं. वेल्डिंगची बंदूक काढून त्याच्या पकडीत पितळी ताम्हन बसवलं होतं, ताम्हनात निरांजन. समोर स्टुलावर निमगावच्या खंडोबाचा फोटो. या वर्षी आरती मशीनने ओवाळायची ही कल्पना दौलतरावांची. शेजारच्या शेडवाल्याने गेल्या वर्षी ड्रोनमधून फुलं टाकली होती, तेव्हापासून ती त्यांच्या मनात होती.

कुंपणाचं दार उघडं असलं की पैलवान हलत नाही, ही त्याची मूळ शिकवण. पण पूजा करणाऱ्याला आत जावं तर लागणार. म्हणून ऑपरेटर पिंटूने दाराच्या कुलपात जादाची किल्ली अडकवून दार बंदच आहे असं पैलवानला पटवून दिलं होतं. देवाच्या कामात एवढं चालतं, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

कुंपणाच्या आत एका बाजूला पाट मांडले होते. त्यांवर नट आवळायचे पाने, हातोडे, वेल्डिंगचे चष्मे, ऑफिसातला एक लॅपटॉप आणि पिंटूचं पेंडंट, म्हणजे ज्या हातातल्या डब्यावरून पैलवानला चालवायचं किंवा जागच्या जागी थांबवायचं तो. कुणीतरी जयदीपचा तुटका कीबोर्डही ठेवून त्यावर फूल वाहिलं होतं. पाटावर ठेवलेल्या हत्याराला आरती पुरी होईस्तोवर कुणी हात लावायचा नाही, ही कांद्याच्या चाळीपासूनची रीत. थांबवायचं दुसरं बटण, लाल आणि ठसठशीत, कुंपणाबाहेरच्या खांबावर होतं. त्याला हार घातला होता आणि त्याच्या पुढ्यात छबूबाईंची खुर्ची टाकली होती.

दौलतरावांचे गुडघे दुखत असल्याने पूजेला दिग्विजय बसला होता. कानशिलावर निळं, अंगात नवा कुर्ता. आरती संपली की पैलवानच्या दंडावर अक्षता टाकून कुंकू लावायचं काम त्याचंच. जयदीप कुंपणाच्या उघड्या दाराशी उभा होता, सुजलेल्या नाकानिशी, सगळ्यांत मागे राहण्याच्या बेताने सगळ्यांत पुढे ढकलला गेलेला.

"किती फेरं घालतंय त्ये?" छबूबाईंनी खुर्चीवरून विचारलं.

"दोन, आजी," पिंटू म्हणाला. "काल संध्याकाळी टेस्टिंग पण केलंय. एक देवाला, एक मालकाला."

"दोन? सम कुटं ओवाळत्यात व्हय रं मेल्या? तीन कर."

पिंटूने दौलतरावांकडे पाहिलं.

"कर बाबा. आई म्हनती तर कर."

पिंटूने पेंडंट उचललं, दोनाचे तीन केले, डबा कपाळाला लावला आणि पुन्हा पाटावर ठेवला. दौलतरावांनी त्यावर मूठभर फुलं वाहिली. डबा दिसेनासा झाला.

घंटा सुरू झाली. टाळ सुरू झाले. पत्र्याच्या शेडमध्ये पन्नासएक माणसं आरती म्हणू लागली की तिचे शब्द कुणालाच लागत नाहीत. पैलवानने ताम्हन उचललं आणि खंडोबासमोर संथ, गोल, माणसाला जमणार नाही इतका गोल फेरा घेतला. बायकांनी मोबाइल काढले. छबूबाईंनी डोळ्याला पदर लावला.

जयदीप टाळ्या वाजवत होता. दुसऱ्या फेऱ्याच्या मध्यावर त्याच्या टाळ्या थांबल्या.

दोन, अधिक. तीन, उणे.

तिसऱ्या फेऱ्यानंतर हात बरोबर सुरुवातीच्या जागी येईल. मग प्रोग्रॅम त्याला सांगेल, सुरुवातीच्या जागी जा. माणूस म्हणेल, आलोय की. पण यंत्र आपला रोटर बघेल, उणे. जायचंय तिथला बघेल, अधिक. आणि ठरवेल की अजून एक अख्खा फेरा राहिलाय. उण्याचं अधिक करणारी ओळ आता तिथे नव्हती. आणि हा फेरा कुठल्या पातळीत घ्यायचा, उभा, आडवा की तिरका? ते समीकरणांतून निघतच नव्हतं. शेवटच्या दशांशस्थळी जो काही गाळ उरला असेल त्यावरून यंत्र वाटेल ती पातळी उचलणार होतं. वेळ? पिंटूने त्या हालचालीला जेमतेम पापणी लवण्याइतका वेळ दिला होता. कारण जायचं अंतर शून्य. आता अख्खा फेरा तेवढ्यातच होणार होता.

तिसरा फेरा सुरू झाला. दिग्विजय अक्षतांची वाटी घेऊन उठला आणि पैलवानच्या दंडाजवळ जाऊन उभा राहिला.

"उणे!" जयदीप ओरडला. "उणे होणार! मागे व्हा!"

शेजारच्या फिटरला ती आरतीचीच ओळ वाटली. त्याने टाळ वाजवत साथ दिली.

जयदीपने कुलपातली किल्ली ओढली, ती निघेना; लाल बटणाकडे पाहिलं. मध्ये हार, हारापुढे छबूबाई. पाटाकडे पाहिलं. फुलांचा ढीग, आणि त्यात नेमका कुठला डबा, कुठला हातोडा, कळायला मार्ग नाही. दौलतरावांकडे पाहिलं. ते हात जोडून डोळे मिटत होते. घंटेचा शेवटचा ठोका पडला आणि येळकोटाच्या गजरात सगळ्या शेडने मान खाली घातली.

त्याने हात उचललाच नाही, हे नंतर कुणी लक्षात घेतलं नाही. त्याने डोकं घातलं. उदगीरच्या मैदानावर कबड्डीत घालत तसं, बरगड्यांच्या खाली, सगळं वजन मागे देऊन. दिग्विजयच्या हातातली वाटी उडाली. दोघे सिमेंटवर आदळले आणि दिग्विजयच्या खांद्यातून सुकं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. त्याच क्षणी त्यांच्यावरून काहीतरी गेलं. आधी वारा, मग तापलेल्या तेलाचे थेंब, मग पलीकडच्या पत्र्यावर दणका.

लोकांनी डोळे उघडले तेव्हा पैलवान जागेवर उभा होता. तसूभरही इकडे-तिकडे नाही. हार मनगटाला होता, तेवढा जरा हलत होता. पूर्ण फेरा घेतलेली वस्तू आणि मुळीच न हललेली वस्तू यांत बघणाऱ्याला काडीचा फरक दिसत नाही, हे जयदीपने स्वतःच सिद्ध केलेलं होतं. त्या सिद्धतेत मात्र कुठेच खोट नव्हती.

दिसत होतं ते एवढंच: दिग्विजय उताणा, त्याच्यावर जयदीप, सगळीकडे अक्षता. आणि पत्र्याशी चेपलेलं ताम्हन, जे झटापटीत लाथ बसून उडालं असणार, यात कुणालाच शंका नव्हती.

"देवापुढं!" छबूबाई किंचाळल्या. "देवापुढं मारला माझ्या नातवाला!"

साहेब लोकांना मारायची संधी कामगारांना सहसा मिळत नाही. मिळाली ती त्यांनी मनापासून घेतली. फिटरने टाळ खाली ठेवण्याचे कष्टही घेतले नाहीत. कुणीतरी केस धरले, कुणीतरी बुटाने बरगड्या मोजल्या, आणि पिंटू, ज्याच्या मुलीला जयदीप दर रविवारी फुकट अपूर्णांक शिकवत असे, त्याने दिलेली चपराक सगळ्यांत स्वच्छ बसली. एक दात निखळून पाटाखाली गेला. जयदीपने प्रतिकार केला नाही. त्याची मान एकसारखी वर, पैलवानकडे वळत होती.

"सोडा त्येला!" दौलतराव गर्दी फाडत आले. त्यांचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "काल सांगितलं हुतं का न्हाई तुला? मंग? का मारलंस पोराला?"

जयदीपने तोंडातलं रक्त गिळलं. सांगायला दोन वाक्यं पुरेशी होती. हात फिरला, म्हणून ढकलला. पण मग तिसरं वाक्य विचारलं गेलं असतं, हात का फिरला. आणि त्याचं उत्तर काल नाकातल्या कापसाखाली पुटपुटलेलं होतं.

"वर्ड," तो म्हणाला.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या. कारण पटण्यासारखं होतं.

रविवारी दुपारी तो दवाखान्यात गेला. एका हातात शहाळं, दुसऱ्या हातात माफीनामा; गेटबाहेर काढल्यावर राहिलेला पगार त्याच्यावरच अडला होता. ऑफिसातल्या विजयश्रीबाईंनी फोनवर बजावलं होतं, "सर, वर्डमध्येच करून आणा हं. तुमचं ते दुसरं आमच्याकडे उघडत नाही." त्याने आयुष्यात पहिल्यांदा वर्ड उघडलं होतं. 'दिलगीर' या शब्दावर त्याने बटण दाबून तो ठळक केला होता.

दिग्विजय उशांना टेकून बसला होता. उजवा हात छातीशी बांधलेला. पायांवर लॅपटॉप, डाव्या हाताने माउस.

"बसा, सर. त्या बाजूला नको, तिकडे हाड आहे."

जयदीप बसला. माफीनामा त्याने शहाळ्याखाली ठेवला.

"मी उताणा पडलो होतो," दिग्विजय म्हणाला.

"हं."

"डोळे उघडे होते माझे."

जयदीपने माफीनामा शहाळ्याखाली आणखी आत सरकवला.

"वरून गेला. इतक्यावरून." दिग्विजयने डावा पंजा आपल्या नाकासमोर आणला.

"कुठल्या पातळीत?"

"काय?"

"आडवा गेला की तिरका?"

"तिरका गेला, सर. माझं डोकं गेलं असतं."

"तिरका," जयदीप म्हणाला. त्याचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"ओळ काढलीत ना?"

"हो."

"कधी?"

"कीबोर्डनंतर. लगेच."

दिग्विजयला हसू आलं. हसताना हाड दुखलं, म्हणून त्याने एक शिवी घातली, आणि ती नेमकी कुणाला घातली ते दोघांनीही स्पष्ट करून घेतलं नाही.

"काकांना सांगितलंत?"

"नाही." जयदीपने जिभेने दाताची रिकामी जागा चाचपली. "सांगायला हवं. सांगतो. तुम्ही म्हणाल तर आत्ता फोन करतो."

दिग्विजयने माउस सोडला. खाली कुणाची तरी रिक्षा मागे घेताना वाजत होती.

"नका सांगू," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही मला मारलंत, हे घरात सगळ्यांना पटलंय. आजी रोज तुमच्या नावाने बोटं मोडते, तिचा वेळ बरा जातो. वाचवलंत म्हणून कळलं तर दर खंडेनवमीला तुम्हाला जेवायला बोलावतील. पहिलं पान तुमचं. मी वाढणार. जन्मभर." त्याने मान हलवली. "त्यापेक्षा मारलंत तेच बरं आहे, सर. नोकरी गेली तुमची, पण मान राहिला दोघांचा."

जयदीपने यात काही खोट सापडते का, पाहिलं. सापडली नाही. उलट छातीवरचं एक ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि ते वाटलं याची लाज वाटली.

"एक करा," दिग्विजयने लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. "माझा हात बांधलाय. उद्या गिऱ्हाईक येतंय. पैलवानसमोर उभं राहणार ते. ती ओळ परत टाका."

जयदीपने पडद्याकडे पाहिलं. प्रोग्रॅम उघडाच होता, ओळ होती ती जागाही उघडी होती. त्याने ती लिहिली. उणे आलं तर अधिक कर. मग तो थांबला. त्याच्या फायलीत प्रत्येक ओळीच्या डोक्यावर कारण लिहिलेलं असे, कुठलं प्रमेय, कुठल्या पानावर. इथे डोक्यावर काही नव्हतं.

"सिद्धता?" दिग्विजयने विचारलं. चिडवायला नाही. खरंच विचारलं.

"नाही."

"मग काय लिहिणार वर?"

जयदीपने टाइप केलं. दिग्विजयने मान पुढे काढून वाचलं: 'हे उघडच आहे.' टाइप करताना आपला हात जराही थरथरला नाही, याचं जयदीपला नंतर, मोशीच्या बसमध्ये, फार वाईट वाटलं.

सोमवारी गिऱ्हाईक आलं. त्यांनी चहा घेतला, पैलवानला थोडं हलवून पाहिलं आणि सांगितलं की कागद वर्डमध्ये नकोत नि कशातच नकोत, चार स्लाइड पुरे. आणि हात फिरवायचं काम ज्या कंपनीने रोबोट बनवलाय तिच्याच प्रोग्रॅमवर ठेवा, इथला काढून टाका. पिंटूने काढून टाकला. त्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये उण्याचं अधिक करणारी ती ओळ पहिल्यापासून होती.